पान आधी, मजकूर नंतर

धारवाडच्या सप्तापुरात आता वहीपेक्षा झेरॉक्स जास्त खपतं. स्पर्धा परीक्षांचे क्लास, अभ्यासिका, पेइंग गेस्टच्या खोल्या, आणि या सगळ्यांच्या मधे मिळेल त्या गाळ्यात थाटलेली प्रिंटची दुकानं. यातल्या कुठल्याही काउंटरवर एक भांडण ठरलेलं. मुलगा म्हणतो, माझ्या लॅपटॉपवर प्रबंध ८४ पानांचा होता, इथं ९१ कसा झाला? दुकानदार मान वर न करता म्हणतो, "पेज जास्ती आग्याव री. पीडीएफ माडकोंड बर्री." पानं वाढलीत, पीडीएफ करून आण. मुलगा अनुक्रमणिका उघडून बघतो आणि कपाळाला हात लावतो. तिथं तिसरं प्रकरण ४१व्या पानावर आहे, प्रत्यक्षात सुरू होतंय ४५व्या.

दोघांचीही चूक नसते. वर्डच्या फाइलीत मजकूर असतो आणि तो कसा दिसावा याच्या सूचना असतात. आपण हातानं पान तोडलं असेल तेवढं सोडलं, तर पान नेमकं कुठं संपतं हे त्यात पक्कं लिहिलेलंच नसतं. फाइल ज्या यंत्रावर उघडेल तिथं कोणता फॉन्ट आहे, कोणता प्रिंटर जोडला आहे, यावरून पानं तिथल्या तिथं पडतात. खोलीवर एक फॉन्ट, दुकानात दुसरा. सात पानं वाढायला एवढं पुरतं.

आम्ही हे शिकलो ते उलट्या क्रमानं. पान आधी ठरायचं, मजकूर नंतर.

वर्डस्टार हा प्रोग्रॅम मायक्रोप्रो कंपनीनं १९७८ साली अमेरिकेत काढला. धारवाडला आमच्या हाती तो पडला तोवर दशक सरत आलं होतं. दोन फ्लॉपींची पीसी-एक्सटी, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, माउस नाही. अक्षर ठळक करायचं तर आधी एक खूण, नंतर एक खूण, आणि पडद्यावर दिसायच्या त्या खुणाच. ठळकपणा कागदावर उमटल्यावरच कळायचा. पानाची सगळी व्यवस्था मात्र टिंबांच्या आज्ञांत होती. ओळीच्या पहिल्याच घरात टिंब आलं की ती ओळ छापायची नाही, ती यंत्रासाठी. टिंब पीएल म्हणजे पानाची लांबी. टिंब एमटी हा वरचा समास, टिंब एमबी खालचा. टिंब पीओ म्हणजे डावीकडून किती घरं सोडायची. टिंब पीए आलं की नवं पान.

आज 'फॉरमॅटिंग' म्हणून जे बोटाच्या टिचकीनं होतं, ते तेव्हा अंकगणित होतं. वर्डस्टार पान धरायचं ६६ ओळींचं, कारण अमेरिकेतला कागद ११ इंची आणि इंचाला ६ ओळी. त्यातल्या ३ वर सोडायच्या, ८ खाली. हाती उरल्या ५५. आपल्याकडं दोन्ही कडांना भोकं असलेली जी कंटिन्युअस स्टेशनरी मिळे, ती बहुधा १२ इंची, म्हणजे ७२ ओळींची. फाइलीच्या माथ्यावर टिंब पीएल ७२ लिहायला नवखा माणूस विसरला, की दर पानाला सहा ओळींची तूट पडायची. पानाचा आकडा तळातून वर सरकत सरकत थेट परिच्छेदाच्या मधोमध येऊन बसायचा. प्रबंधाला बाइंडिंगसाठी डावीकडं दीड इंच समास हवा असे. इंचाला १० अक्षरं, म्हणून टिंब पीओ १५. हे आकडे पाठ नव्हते असा टायपिस्ट त्या काळी विद्यापीठाच्या आसपास तग धरू शकला नसता.

टिंब सीपी ही माझी सगळ्यात लाडकी आज्ञा. टिंब सीपी ८ म्हणजे, या पानावर आठ ओळींची जागा उरली नसेल तरच नव्या पानावर जा. अर्थशास्त्राच्या प्रबंधातली कोष्टकं तिनं वाचवली. पण तेच अर्थशास्त्रवाले आम्हाला घामही फोडायचे. शून्य न लिहिता नुसताच दशांशचिन्हानं सुरू होणारा आकडा नेमका ओळीच्या आरंभी आला, की यंत्राला वाटायचं ही आज्ञाच आहे. ती अख्खी ओळ कागदावर यायचीच नाही. गाइडना वाटे विद्यार्थ्यानं आकडे लपवले.

याच टिंबांत एक छोटासा प्रोग्रॅमही लिहिता यायचा. नावं-पत्त्यांची यादी एका फाइलीत, पत्राचा मजकूर दुसऱ्या. टिंब डीएफनं यादीचं नाव सांगायचं, टिंब आरव्हीनं रकान्यांची नावं, आणि पत्रात जिथं नाव हवं तिथं दोन बाजूंना अँडची खूण लावून तो रकाना लिहायचा. पत्त्याची दुसरी ओळ कुणाची रिकामी असली तर मधे भोक पडू नये म्हणून रकान्यापुढं तिरपी रेघ आणि ओ. एवढं बांधून दिलं की सोसायटीच्या सभासदांना वार्षिक सभेच्या नोटिसा एकामागून एक, प्रत्येकाच्या नावानिशी. त्याआधी हेच काम स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर व्हायचं आणि नावाच्या जागी ठिपक्यांची ओळ असायची. स्वतःचं नाव छापलेली नोटीस हातात पडली तेव्हा काही सभासद पहिल्यांदाच सभेला आले.

वर्डस्टारच्या पलीकडं जायचं तर प्रिंटरशी थेट बोलावं लागे. एप्सननं घालून दिलेली भाषा टीव्हीएससकट बहुतेक डॉट मॅट्रिक्सना कळायची. २७ आणि ६९ हे दोन आकडे लागोपाठ पाठवले की ठळक छपाई सुरू, २७ आणि ७० पाठवले की बंद. १४ पाठवला की ती एक ओळ दुप्पट रुंद. १५ म्हणजे बारीक अक्षर, १८ म्हणजे पुन्हा मूळपदावर. १२ म्हणजे हे पान सोड. २७ आणि ६४ म्हणजे आधीचं सगळं विसर. डी-बेसमध्ये गुणांचा लेजर छापणारा प्रोग्रॅम लिहिताना हा जप सतत चालू असायचा. ८० अक्षरांच्या प्रिंटरवर १५चा आकडा पाठवला की इंचाला १७ अक्षरं बसत आणि आठ इंची ओळीत १३०च्या वर मावत. अकरा विषय, त्यांची लेखी, तोंडी, बेरीज आणि शेरा एका ओळीत. प्रत्येक आकडा कितव्या ओळीत, कितव्या घरात, हे प्रोग्रॅममध्ये आपणच लिहायचं. त्यासाठी आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं अख्खं पान आखून घ्यायचं. प्रोग्रॅम म्हणजे त्या आखणीची नक्कल.

आवाजाचं कौतुक मी करणार नाही. चांगल्या प्रतीची छपाई निवडली की डोकं एकाच ओळीवरून दोनदा फिरायचं, आणि शे-दीडशे पानांचा प्रबंध निघेपर्यंत शेजारच्या शिंप्याचं डोकं उठायचं. रिबन फिकट झाली की शेवटची प्रकरणं करडी दिसायची, मग कागद जुळवून पहिल्यापासून पुन्हा. ते दिवस गेले हे उत्तम झालं.

हे सगळं होतं इंग्रजीपुरतं. धारवाडात नुसत्या इंग्रजीवर भागत नाही. इथं ज्यांची मातृभाषा मराठी होती ते बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले आणि जी. ए. कुलकर्णी इथं इंग्रजी शिकवत मराठी कथा लिहीत राहिले. अशा गावातल्या प्रबंधात एकाच पानावर तीन लिप्या येणं ही हौस नसते, गरज असते. यंत्रावर तिन्ही आणण्याची पहिली खरी सोय केली ती जिस्ट कार्डानं. आयआयटी कानपूरमध्ये त्याचं मूळ काम झालं, आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते तिथून बाहेर पडलं. कार्ड पीसीच्या पोटात बसवायचं. मग डी-बेससारखे डॉसचे तयार प्रोग्रॅमही पडद्यावर देवनागरी आणि कन्नड दाखवू लागायचे, आणि तीच अक्षरं ठिपक्याठिपक्यांनी प्रिंटरवर उतरायची.

त्यामागची इस्की ही संकेतप्रणाली फार हुशारीनं रचली होती. १९९१ साली ती भारतीय मानक ठरली. तिच्यात देवनागरी 'क' आणि कन्नड 'क' यांचा आकडा एकच. लिपी कोणती ती वेगळ्या खुणेनं सांगायची. त्यामुळं देवनागरीत भरलेली नावांची यादी एका आज्ञेत कन्नडमध्ये छापता यायची. कन्नडमध्ये ऱ्हस्व 'ए' आणि ऱ्हस्व 'ओ' वेगळे, आपल्याकडं नाहीत. म्हणून बेळगावचा 'बे' कन्नडमध्ये उगाच दीर्घ होऊन बसायचा आणि कन्नड मंडळी हसायची. पण पत्र पोचायचं.

मग विंडोज आलं, डीटीपी आलं, आणि या शहाणपणावर पाणी पडलं. श्रीलिपी, आकृती यांचे सुरेख फॉन्ट आले. पानं देखणी झाली. टिंबं गेली, आकडे गेले, पडद्यावर जे दिसतं तेच कागदावर येऊ लागलं. आतमध्ये मात्र 'क' राहिला नव्हता; कुठल्या तरी रोमन खुणेच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं होतं. फॉन्ट काढून घेतला की मराठीच्या जागी रोमन चिन्हांचा कचरा. मराठी प्रबंधात बेंद्र्यांची कन्नड ओळ घालायची तर दुसरा फॉन्ट, कधीकधी दुसरी कीबोर्ड-रचना, आणि कुणी चुकून सगळा मजकूर निवडून एकच फॉन्ट दिला की कवितेचा चिवडा.

याचा परिणाम आज उघडा पडतो. माझ्याकडच्या वर्डस्टारच्या जुन्या फाइली अजून वाचता येतात. त्यात एक खोड आहे: प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या आकड्यात १२८ मिळवलेले असतात. जिथं आकडा १२८च्या वर दिसेल तिथून तेवढे वजा करणारा चार ओळींचा पायथन प्रोग्रॅम लिहिला, की शब्द जागेवर येतात. टिंबाच्या आज्ञाही जशाच्या तशा समोर, पान कसं आखलं होतं ते सांगत. त्यानंतरच्या दशकातल्या डीटीपीच्या मराठी फाइली मात्र तो नेमका फॉन्ट नसेल तर मुक्या. त्या बोलत्या करायला प्रत्येक फॉन्टचा वेगळा तक्ता लागतो, कुठल्या खुणेमागं कोणतं अक्षर दडलंय त्याचा. कुरूप छापलेलं इंग्रजी टिकलं आणि सुरेख छापलेलं मराठी अडकून पडलं, हा हिशेब स्मरणरंजनात सहसा कुणी मांडत नाही.

वर्डमध्येही प्रोग्रॅम लिहिता येत होता, हे आमच्यापैकी अनेकांना उशिरा कळलं. १९९७च्या वर्डमध्ये व्हिज्युअल बेसिक आलं. मॅक्रो रेकॉर्ड करायचा, यंत्र आपल्या हालचाली टिपून घेई, आणि मग तो कोड उघडून आपण त्यात फेरफार करायचे. फॉक्सप्रोतून वर्डला हाक मारून प्रमाणपत्रं भरून घ्यायची, प्रिंटआउटची आज्ञा द्यायची आणि चहाला निघून जायचं. २७-६९चा जप संपला. ठळक म्हणजे बोल्ड बरोबर ट्रू, इतकं सोपं. पण मॅक्रोतूनच व्हायरसही फिरू लागले. पहिला गाजलेला १९९५चा 'कन्सेप्ट', मग १९९९ची 'मेलिसा'. तेव्हापासून मॅक्रो म्हटलं की संगणकवाले दार लावून घेतात. २०२२मध्ये तर इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टनं आपणहून अडवायला सुरुवात केली.

आज वर्डशिवायच वर्डची फाइल तयार करता येते. २००७पासूनची डॉक्स फाइल म्हणजे खरं तर झिपचं गाठोडं. नावाच्या शेवटचं डॉक्स खोडून झिप करा, उघडा. आत साध्या मजकुरातल्या फाइली दिसतील. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू आलं, कारण आत पुन्हा आकडेच होते. समास मोजायचा पॉइंटच्या विसाव्या भागात, म्हणजे इंचाला १४४०. ए-फोर कागदाची रुंदी ११९०६, उंची १६८३८. अक्षराचा आकार अर्ध्या पॉइंटात, त्यामुळं १२ पॉइंटाचं अक्षर आत २४ म्हणून बसलेलं. टिंबं गेली नव्हती, पडद्यामागं गेली होती.

पायथनमधून अशी फाइल लिहिणाऱ्या इथल्या पोरांची एक तक्रार मी नेहमी ऐकतो: इंग्रजी ठळक होतं, मराठी होत नाही. आकार १४ केला तरी कन्नड ११च राहतं. कारण त्या गाठोड्यात रोमन अक्षरांचा आकार आणि ठळकपणा एका खुणेत लिहिलेला असतो, आणि देवनागरी-कन्नडसारख्या जोडाक्षरी लिप्यांचा वेगळ्याच, सीएस अशी शेपटी असलेल्या खुणेत. दोन्ही लिहाव्या लागतात. आमच्या वेळी लिपीसाठी कार्ड बसवावं लागे, आता दोन अक्षरांची शेपटी.

आणि इस्कीचं शहाणपण? ते वाया गेलं नाही. युनिकोडनं लिप्यांना वेगवेगळी घरं दिली, पण घरांची आतली मांडणी इस्कीवरूनच घेतली. देवनागरी 'क' २३२५वर, कन्नड 'क' ३२२१वर. फरक ८९६. देवनागरी मजकुरातल्या बहुतेक अक्षरांत ८९६ मिळवत गेलं की समोर कन्नड उभं राहतं. बेळगावचा 'बे' अजूनही दीर्घच येतो आणि कन्नड मंडळी अजूनही हसतात. फरक इतकाच की आता मराठी, कन्नड आणि इंग्रजी एकाच ओळीत, एकाच फाइलीत नांदतात आणि कुणी फॉन्ट बदलला तरी अक्षराची ओळख पुसली जात नाही. जुन्या दिवसांच्या बाजूनं कितीही बोललो तरी या एका सोयीपुढं माझं सगळं बोलणं थिटं पडतं.

तारखेचंही असंच. आमच्या अनेक पीसींत बॅटरीचं घड्याळच नसे. यंत्र सुरू झालं की तारीख विचारी, आणि घाईत असलेला माणूस नुसतं एंटर दाबी. परिणामी फाइलीमागून फाइली १ जानेवारी १९८० या दिवशी तयार झालेल्या. आताच्या गाठोड्यात फाइल कधी जन्मली, शेवटची कधी बदलली, कधी छापली, कुणाच्या नावानं, हे लिहून ठेवलेलं असतं. जी. एं.च्या 'काजळमाया' या कथासंग्रहाला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुस्तक नेमकं केव्हा प्रसिद्ध झालं यावरून वाद उठला, आणि त्यांनी पुरस्कार परत करून टाकला. जी. एं.च्या गावात राहणाऱ्या माणसाला फाइलीतल्या या नोंदी पाहून समाधान वाटावं की धाक, हे मला ठरवता आलेलं नाही.

सध्या सप्तापुरात छपाईचं खरं डोकं चालतं ते क्लासच्या प्रश्नपत्रिकांत. शंभर प्रश्न, आणि शेजारच्याचं बघून लिहू नये म्हणून अ, ब, क, ड असे चार संच. प्रश्न तेच, क्रम वेगळा. पूर्वी हे हातानं कापून-चिकटवून चाले. आता ओळखीचा एक पोरगा रात्री कोड चालवतो आणि सकाळी चारही संच उत्तरांच्या तक्त्यांसह तयार. परवा त्याचा कोड त्यानं मला दाखवला. त्यात एक नियम होता: प्रश्न आणि त्याचे चार पर्याय यांची पानावर फाटाफूट होता कामा नये. म्हणजे माझी टिंब सीपी, नाव बदलून.

त्याच्याखाली त्याहून मोठी गंमत होती. पेपर ए-थ्री कागदावर छापून मधे दुमडतात. एका तावावर चार पानं. सोळा पानांत बसला तर चार ताव. सतरावं पान झालं की पाचवा ताव, तीन बाजू कोऱ्या, आणि ३०० मुलं असली तर ३०० ताव वाया. क्रम बदलला की आकृतीचा एखादा प्रश्न पानाच्या तळाशी येतो, पुढच्या पानावर उडी मारतो, आणि एखादा संच सतरावर जातो. म्हणून त्याचा प्रोग्रॅम प्रत्येक संचाची पीडीएफ करतो, पानं मोजतो, सोळाच्या वर गेली तर ओळींमधलं अंतर अर्ध्या पॉइंटनं कमी करून पुन्हा मोजतो. बसेपर्यंत. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं मी जे करत होतो, ते त्याचं यंत्र रात्रभर न कंटाळता करतं. वर्डस्टारचं नावही त्याच्या कानावर नाही, आणि त्यानं काही बिघडत नाही. ज्याच्या खिशातून कागदाचे पैसे जातात त्याला पानाचा हिशेब शिकवावा लागत नाही.

मी त्याला एवढंच सुचवलं, की अंतर कमी करण्यालाही हद्द असते; त्याखाली गेलं की परीक्षार्थी पोरांचे डोळे शिणतात. तेव्हा सोळा पानांची अट प्रोग्रॅमला सांगतोस तशी पेपर काढणाऱ्या सरांनाही सांग, आणि प्रश्न लिहायला बसण्याआधी सांग. तो म्हणाला, "ते ऐकत नाहीत री." तेव्हाही ऐकत नव्हते. पण तेव्हा सर लांबले की आम्हालाच कात्री घ्यावी लागे, आणि कोणता प्रश्न कापला यावरून आमच्यावर खापर फुटे. या पोरानं प्रोग्रॅमच्या शेवटी एक ओळ घालून ठेवली आहे. अंतर ठरावीक मर्यादेला पोचूनही पान सतरावंच राहिलं, तर कोड थांबतो आणि सरांच्याच मोबाइलवर निरोप जातो: दोन प्रश्न कमी करा.